लहान कळप आणि लोकर कातरण्याची हातसाधने

कोरडवाहू मुलखातील शेतकऱ्यास मेंढीचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. धनगराची खांड शेतात चार रात्री बसवून घेतली म्हणजे जमिनीचा कस किती सुधारतो, हे ज्याने एकदा अनुभविले आहे तो दरसाल त्या खांडीची वाट पाहत असतो. अलीकडे कित्येक शेतकऱ्यांनी परक्या खांडीवर विसंबून न राहता आपल्याच बांधावर वीस-पंचवीसपासून चाळीस-पन्नासपर्यंत मेंढ्या पाळण्यास आरंभ केला आहे. खत घरचे होते, कोकरे विकून अडीअडचणीस चार पैसे हाती येतात आणि बांधावरचे गवत व पिकाची धसकटे यांचा उपयोग होतो. हा उपक्रम स्तुत्य आहे यात संशय नाही. परंतु असा कळप एक वर्षाचा झाला म्हणजे जी अडचण प्रथम उभी राहते, तिचा विचार मेंढ्या विकत घेताना बहुधा कोणी केलेला नसतो. ती अडचण म्हणजे लोकर कोणी व कशाने कातरावयाची, ही होय.

पूर्वी हे काम धनगर मंडळी एकमेकांच्या वाड्यावर जाऊन परस्परांच्या साह्याने उरकीत असत. त्यांतील तरुण पिढी आता अन्य व्यवसायांत शिरत आहे, आणि जो कातरणारा मिळतो त्यास पंचवीस मेंढ्यांकरिता आडवाटेच्या गावी येणे परवडत नाही. सबब लहान कळपाच्या मालकाने स्वतःच्या घरी साधन ठेविले पाहिजे व ते चालविण्यास शिकले पाहिजे. वीज ज्याच्या गोठ्यापर्यंत खात्रीने पोहोचते त्याची गोष्ट निराळी. प्रस्तुत लेख ज्यांस केवळ हाताच्या बळावर हे काम करावयाचे आहे, त्यांच्यासाठी आहे. हातसाधनांचे प्रकार कोणते, प्रत्येकाचा गुणदोष कोणता आणि आपल्या मेंढीस व आपल्या खिशास कोणते मानवते, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

कातरावयाचे कशासाठी?

साधन निवडण्यापूर्वी कामाचा हेतू नीट ध्यानात घेतला पाहिजे. ऑस्ट्रेलियात मेरिनो जातीची मेंढी वर्षास चार-पाच किलो बारीक व मऊ लोकर देते. तेथे मेंढी कातरणे म्हणजे पीक काढणे होय. आपली दख्खनी मेंढी काटक, पायपीट सोसणारी व निकृष्ट चाऱ्यावर तग धरणारी खरी; परंतु तिची वर्षाची लोकर किलोभरही भरत नाही. तीही जाड, केसाळ व बहुधा काळी असून घोंगडी, जेन यांसारख्या वस्तूंसच योग्य. जत भागातील माडग्याळ जातीचा लौकिक तर मांसासाठीच आहे. अशा लोकरीस बाजारात येणाऱ्या किमतीतून कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, ही तक्रार आज सर्वत्र ऐकू येते व ती खोटी नाही.

यावरून कित्येकजण असा निष्कर्ष काढतात, की लोकर विकत नाही तर मेंढी कातरूच नये. हा निष्कर्ष मात्र घातक आहे. न कातरलेल्या मेंढीच्या लोकरीत गोचीड व उवा यांस सुरक्षित आश्रय मिळतो. औषध मारावे तर ते कातडीपर्यंत पोहोचत नाही. पावसाळ्यात दाट लोकर पाणी धरून ठेवते, मेंढी जड होते, लवकर वाळत नाही आणि शेपटीकडील घाण चिकटलेल्या भागावर माशी बसून किडे पडतात. वैशाखाच्या उन्हात तीच लोकर तिला तापविते. लोकरीखाली हाडे निघाली आहेत की मांस भरले आहे, हे मालकासही कळत नाही. तात्पर्य, आपल्याकडे कातरणे हे मुख्यत्वे मेंढीच्या आरोग्यासाठी आहे; लोकर हा त्याचा जोडलाभ होय. जोडलाभही अगदीच टाकाऊ नव्हे. कोकराची पहिली लोकर, जिला जावळ म्हणतात, ती विशेष मऊ असते व तिच्या घोंगड्यास आजही मागणी आहे.

हा हेतू एकदा पक्का झाला म्हणजे साधनाची परीक्षाही निश्चित होते. ज्या साधनाने कातडीस इजा न होता लोकर उतरते ते चांगले. केवळ जे अधिक लोकर काढते ते नव्हे.

हातसाधनांचे तीन प्रकार

पहिला प्रकार आपल्या परिचयाची कातर. दोन लांब पाती मधोमध खिळ्याने जोडलेली, शिंप्याच्या कात्रीचीच थोरली बहीण. गावचा लोहार ती दुरुस्त करू शकतो, हा तिचा मोठा गुण. दोष असा, की उघडणे व मिटणे या दोन्ही क्रिया हातानेच कराव्या लागतात, त्यामुळे पंजा लवकर शिणतो. शिवाय खिळा ढिला झाला म्हणजे लोकर पात्यांच्या मध्ये दुमडते व कापली न जाता ओढली जाते.

दुसरा प्रकार कमानीची कातर. हिच्यात खिळा नसतो. पोलादाची पट्टी मागील बाजूस धनुष्यासारखी वाकवून तिच्या दोन टोकांची दोन पाती केलेली असतात. मुठीने दाबली की पाती मिटतात, हात सैल केला की कमानीच्या जोराने आपोआप उघडतात. अर्थात हाताचे काम निम्म्याने कमी होते. ही कल्पना फार प्राचीन असून युरोपात दोन हजार वर्षांहून अधिक काळ हिचा वापर चालत आला आहे. इंग्लंडातील शेफील्ड शहर या कातरींसाठी प्रसिद्ध असून तेथील बर्गन अँड बॉल या 1730 सालापासूनच्या कारखान्याचे नाव मेंढपाळांस परिचित आहे. हे साधन जुने म्हणून मागासलेले समजू नये. 10 ऑक्टोबर 1892 रोजी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात जॅक हाऊ नावाच्या कातरणाऱ्याने अशाच हातकातरीने 7 तास 40 मिनिटांत 321 मेंढ्या कातरल्या. म्हणजे एका मेंढीस दीड मिनिटही लागले नाही. हे काम सामान्य माणसाचे नव्हे हे उघड आहे. परंतु कातर मंद असते असे म्हणणाऱ्यास एवढे उत्तर पुरे आहे.

तिसरा प्रकार हाताने फिरवावयाचे यंत्र. तिवईवर किंवा खांबाला बसविलेले एक चाक असते. त्याचा दांडा एका माणसाने फिरविला म्हणजे दातेरी चाकांच्या योगाने वेग कित्येक पटींनी वाढतो व तो एका लवचिक अथवा सांधेदार दांड्यातून कातरणाऱ्याच्या हातातील मुठीपर्यंत पोहोचतो. मुठीच्या टोकास दोन भाग असतात: खाली स्थिर राहणारी फणी व तिच्यावर डावी-उजवीकडे वेगाने सरकणारे लहान पाते. फणीचे दात लोकरीत शिरून केस उभे धरतात व पाते ते कापते. न्हाव्याच्या यंत्राचाच हा मोठा अवतार म्हणावयास हरकत नाही.

यंत्र कसे निघाले व कोणासाठी निघाले

या यंत्राचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयुक्त आहे, कारण त्यातच त्याच्या मर्यादा दिसून येतात. ऑस्ट्रेलियात फ्रेडरिक यॉर्क वुल्झली या मेंढीमालकाने बरीच वर्षे खटपट करून 1877 साली कातरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढील दहा वर्षांत त्यात सुधारणा केल्या. मेलबर्न येथील एका जाहीर प्रयोगात हातकातर चालविणारा गडी व यंत्र चालविणारा हसन अली नावाचा कामगार यांची चढाओढ लाविली होती. हातकातरवाल्याने आपले काम आधी संपविले. परंतु मग त्याने कातरलेल्या मेंढ्यांवरून यंत्र फिरविले, तेव्हा मागे राहिलेली आणखी बरीच लोकर निघाली! पाहणाऱ्या मालकांनी हिशेब तेथेच केला. 1888 साली न्यू साउथ वेल्समधील डनलॉप येथील प्रचंड मेंढीवाड्यावर संपूर्ण कातरणी यंत्रांनी पार पडली. तेथे चाळीस कातरणारे एका वेळी कामास होते व मेंढ्यांची संख्या लाखाच्या वर होती.

ही यंत्रे वाफेच्या शक्तीवर चालत. ज्याच्यापाशी शे-दोनशेच मेंढ्या, त्यास बॉयलर व इंजिन कोठून परवडणार? त्या लहान शेतकऱ्यासाठी इंग्लंड व अमेरिका येथील कारखान्यांनी तेच यंत्र हाताने फिरविता येईल असे तयार केले. डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीची व शिकागो फ्लेक्सिबल शाफ्ट कंपनीची अशी यंत्रे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिकडील लहान शेतांवर पुष्कळ खपली. त्यांच्या जाहिरातींतील मुख्य मुद्दा मेलबर्नचाच असे: यंत्र कातडीलगत कापते, म्हणून दर मेंढीमागे लोकर अधिक मिळते व त्या अधिक लोकरीतूनच यंत्राची किंमत वसूल होते.

आता वाचकांनी हा मुद्दा आपल्या मेंढीस लावून पाहावा. जेथे मेंढी चार-पाच किलो उंची लोकर देते, तेथे कातडीलगतच्या थराचीही किंमत मोठी. जेथे एका खेपेस पावशेर-दीडपावशेर जाड लोकर उतरते व तिलाही गिऱ्हाईक शोधावे लागते, तेथे त्या थरातून कोणते यंत्र वसूल होणार? उलट अगदी कातडीलगत कापल्याने तोटाच संभवतो. ताजी भादरलेली मेंढी थंड पावसात व वाऱ्यात सापडली तर गारठून दगावते. तीव्र उन्हात तिची कातडी भाजते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील डोंगराळ, थंड भागात आजही काही मालक मुद्दाम हातकातरीनेच मेंढ्या कातरवितात, याचे कारण हेच की कातर अंगावर थोडी अधिक लोकर राखते व ती मेंढीस पांघरूण होते.

माझा स्वतःचा अनुभव

एवढे सर्व मला आरंभी ठाऊक असते तर पुढील प्रसंग टळता. माझ्यापाशी अठ्ठावीस मेंढ्या आहेत. पहिल्या कातरणीच्या वेळी कातरणारा मिळेना, म्हणून एका बंद पडलेल्या मेंढीवाड्याच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळालेले हाताचे यंत्र मी मोठ्या हौसेने घरी आणिले. साफ केले, तेल घातले, दोन फण्या व तीन पाती सोबत होती. चाक फिरविण्यास पुतण्या व कातरण्यास मी, असा बेत ठरला.

पहिल्या दिवशी नऊ मेंढ्या झाल्या. चौथ्या-पाचव्या मेंढीनंतरच फणी अडू लागली. कारण शोधता असे दिसले, की आमच्या मेंढ्या माळावर बसणाऱ्या. त्यांच्या लोकरीत माती, वाळू, कुसळे व गोखरू गच्च भरलेले. मी त्या धुतल्याच नव्हत्या. वाळूने फणीचे दात व पात्याच्या कडा बोथट झाल्या. बोथट झाल्या म्हणून मी दाब देणारा स्क्रू आवळला. आवळल्यामुळे मूठ तापली व चाक जड झाले. चाक जड झाल्यामुळे पुतण्याचा हात मंदावला. दुसऱ्या दिवशी कशाबशा सात मेंढ्या झाल्या. सातवीची कास साफ करीत असता चाकाचा वेग एकाएकी उतरला, फणी लोकरीत अडकली, मी ती अधीरपणे पुढे रेटली आणि तिचा एक सड कापला गेला.

त्या मेंढीचा जीव वाचला; पण तो सड कायमचा गेला. पुढल्या वितास तिला दोन कोकरे झाली. त्यांतील एकास वरचे दूध पाजून जगविण्याचा यत्न केला, परंतु ते जगले नाही. सोळा मेंढ्यांत एकंदर पाच जखमा झाल्या होत्या. यंत्राचा दोष किती व माझा किती हे मी प्रामाणिकपणे सांगतो: निम्म्याहून अधिक दोष माझ्या अज्ञानाचा होता.

राहिलेल्या बारा मेंढ्या गावाशेजारी उतरलेल्या वाड्यातील एका वृद्ध धनगराने दुसऱ्या दिवशी आपल्या कातरीने उरकून दिल्या. मी त्यांना यंत्र दाखविले. त्यांनी चाक दोनदा फिरवून पाहिले व म्हणाले, "अण्णा, कातरीला कातडं हाताला कळतं. ह्या चाकाला लोकर न् कातडं सारखंच." मी म्हणालो, "मामा, मग मला कातरच शिकवा." त्यांनी मजुरी घेतली, पण शिकविण्याचे काही घेतले नाही.

यंत्रावर अन्याय होऊ नये म्हणून पुढल्या खेपेस सहा मेंढ्या ओढ्यात धुऊन, दोन दिवस वाळवून, नव्या धारेच्या फणीने पुन्हा यंत्रानेच कातरून पाहिल्या. काम निःसंशय चांगले झाले. सहाही मेंढ्या एकाच फणीत निघाल्या व एकही मोठी जखम झाली नाही. परंतु दोन माणसे सबंध वेळ गुंतली, आणि फिरविणाऱ्याचा हात दमला की वेग घटतो ही अडचण कायमच राहिली. वाफेचे इंजिन दमत नाही, पुतण्या दमतो.

माणसांचा हिशेब

आता आकडे पाहू. पहिल्या खेपेस यंत्राने दोन माणसांनी दोन दिवसांत सोळा मेंढ्या कातरल्या. म्हणजे एका माणसाच्या एका दिवसामागे चार. कमानीची कातर घेतली तेव्हा आरंभी मला दिवसास पाचच साधल्या. तिसऱ्या खेपेस मात्र अठ्ठाविसांच्या अठ्ठावीस मेंढ्या तीन दिवसांत झाल्या, आणि मेंढ्या धरून आणून देण्यास मुलगा अर्धा-अर्धा दिवस होता. म्हणजे साडेचार माणूस-दिवसांत अठ्ठावीस, दर माणसामागे सहाहून किंचित अधिक. जखमा दोनच झाल्या, त्याही ओरखड्यासारख्या. सरावलेल्या धनगरापुढे हे काम काहीच नव्हे. पण शेतकऱ्याने घरच्या घरी, सालातून दोन वेळा, आपल्या सवडीने करावयाचे काम म्हणून ते पुरेसे आहे.

यावरून माझे मत असे बनले आहे, की पन्नासपर्यंत मेंढ्या असणाऱ्याने यंत्राच्या भरीस पडू नये. दोन उत्तम कमानीच्या कातरी व एक निसणा घ्यावा. ज्यांचे कळप शंभर-दीडशेचे आहेत, किंवा तीन-चार घरे मिळून ज्यांची तेवढी मेंढरे होतात, ज्यांच्याकडे धुण्यास वाहते पाणी आहे आणि फण्यांस धार लावण्याची सोय आहे, त्यांनी हाताचे यंत्र अवश्य घेऊन पाहावे. संकरित, दाट व बारीक लोकरीच्या मेंढ्या असतील तर यंत्राचा लाभ अधिक स्पष्ट दिसेल.

धार हेच खरे यंत्र

साधन कोणतेही असो, निम्मी कला धारेत आहे. कमानीच्या कातरीस धार लावताना पात्याची केवळ बाहेरची उतरती बाजू निसण्यावर घासावी. एकमेकांवर सरकणाऱ्या आतील सपाट बाजू कधीही घासू नयेत. त्या घासल्या की पात्यांमध्ये फट पडते व कातर कायमची बिघडते. दगड टाचेकडून टोकाकडे, एकाच कोनात, हलक्या हाताने न्यावा. धार झाली की नाही हे पाहण्यास लोकरीची पातळ बट घेऊन पात्याच्या टोकाने कापून पाहावी. बट दुमडली तर धार अपुरी समजावी. काम चालू असता दर तीन-चार मेंढ्यांमागे दोन-चार हात दगड मारावा. हे मेंढीजवळ बसल्याजागी साधते, हाच हातकातरीचा आपल्या धुळीच्या मुलखात सर्वांत मोठा गुण.

यंत्राच्या फणी-पात्यांची धार घरी निसण्यावर लागत नाही. त्यांस कुरुंदाचा लेप दिलेली फिरती तबकडीच लागते व दोन्ही भाग बरोबरच घासावे लागतात. म्हणून यंत्र घेणाऱ्याने निदान चार फण्या व आठ पाती जवळ ठेवावी. दाबाचा स्क्रू पाते कापू लागेल इतकाच आवळावा. धार गेल्यावर स्क्रू आवळणे म्हणजे माझीच चूक पुन्हा करणे होय. दर एक-दोन मेंढ्यांमागे तेल द्यावे, आणि चाक फिरविणारा दर तीन मेंढ्यांनंतर बदलावा.

कातरणीची रीत

आपल्याकडे बहुधा वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या अलीकडे व पलीकडे, स्थानिक रिवाजाप्रमाणे कातरणी होते. गाभण मेंढी विण्याच्या बेतास आली असेल तर तिला वगळावे. मेंढ्या दोन दिवस आधी वाहत्या पाण्यात धुऊन स्वच्छ गवतावर ठेवाव्या. लोकर पूर्ण वाळल्याखेरीज कातर लावू नये; ओली लोकर ढिगात तापते व कुजते. आदल्या सायंकाळपासून चारा बंद ठेवावा. भरल्या पोटी उताणी धरलेली मेंढी धापा टाकते व अधिक तडफडते.

जागा सावलीची, सारवलेली किंवा ताडपत्री अंथरलेली असावी. आपल्याकडे मेंढीचे पाय बांधून तिला आडवी पाडतात. ही रीत नवशिक्यास सोपी आहे. मात्र दोरी मऊ असावी व मेंढी एका कुशीवर फार वेळ ठेवू नये. परदेशी रीत अशी, की मेंढी तिच्या ढुंगणावर बसवून पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवावयाची. पाय जमिनीला न लागल्यामुळे ती जोर करीत नाही व बांधण्याची गरज पडत नाही. शरीराने धडधाकट माणसाने ही रीत शिकावी.

आरंभ पोटापासून करावा. मेंढीची कास व एडक्याचे मूत्रस्थान यांवर डावा तळहात झाकून मगच भोवतालची लोकर काढावी. हा नियम माझ्या त्या मेंढीने मला शिकविला. त्यानंतर मांड्या, कूस, पाठ व शेवटी मान. सर्व गुपित डाव्या हातात आहे. उजवा हात कापतो, पण डाव्याने कातडी सतत ताणून सपाट ठेवली पाहिजे. लोकर ओढून धरली तर कातडी तिच्यासह वर येते व पात्यात सापडते. म्हणून लोकर ओढू नये, कातडी मागे ताणावी. एकदा कापलेल्या जागेवर पुन्हा कातर फिरवू नये. त्याने जे आखूड तुकडे पडतात ते सुतात टिकत नाहीत, आणि एका तुकडेमिश्रित ढिगामुळे सनगर सगळ्या लोकरीचा भाव पाडतो. पोटाची व शेपटीची घाणेरडी लोकर वेगळी, पाठीची वेगळी व जावळ अगदी निराळे, अशी तीन पोती प्रथमच करावी.

जखम व रोग यांविषयी सावधगिरी

लहानशी जखमही उपेक्षू नये. माशी तीवर अंडी घालते व दोन-तीन दिवसांत किडे पडतात, ज्यास कित्येक ठिकाणी आसडी म्हणतात. जखम जंतुनाशक पाण्याने धुऊन माशी न बसेल असे मलम लावावे व पुढील आठवडाभर रोज पाहावे. मोठी जखम पशुवैद्याकडून टाके घालून घ्यावी. कातरणीच्या जखमांतून धनुर्वात होण्याचाही संभव असतो, म्हणून प्रतिबंधक लसीविषयी पशुवैद्यास आधीच विचारावे.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मेंढ्यांच्या मानेखाली, खांद्यापुढे वा मांडीपाशी घट्ट पुवाच्या गाठी येण्याचा एक संसर्गजन्य रोग आहे. अशी गाठ कातरताना फुटली तर पू कातरीस लागून पुढच्या प्रत्येक मेंढीच्या ओरखड्यातून रोग पसरतो. यास्तव क्रम असा ठेवावा: प्रथम कोकरे, मग तरण्या मेंढ्या, मग वयस्क आणि गाठी असलेल्या सर्वांत शेवटी. प्रत्येक संशयित मेंढीनंतर कातर जंतुनाशकात बुडवून पुसावी. यास खर्च नाही, केवळ शिस्त लागते.

कातरून झाल्यावर मेंढ्या दोन-तीन रात्री आडोशास ठेवाव्या व अवचित पावसाची चिन्हे असतील तर रानात नेऊ नयेत. गोचीड-उवांचे औषध लावण्यास, जखमा भरून आल्यानंतरचे पहिले दोन आठवडे उत्तम.

संस्थेने काय करावे

एकेकट्या शेतकऱ्याने सर्व साधने विकत घ्यावी असे माझे म्हणणे नाही. आपल्या संस्थेच्या प्रत्येक शाखेने चार कमानीच्या कातरी, दोन निसणे व जखमेच्या औषधांची एक पेटी सामाईक ठेवावी, आणि कातरणीच्या हंगामात एखाद्या अनुभवी धनगरास मेहनताना देऊन गावातील दोन-तीन तरुणांस शिकवावे. मेहनताना हा शब्द मी मुद्दाम योजिला आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे हे ज्ञान आपण आजवर फुकट घेत आलो. ते हाती असणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. पुण्याचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ, तसेच राजस्थानातील अविकानगर येथे 1962 साली स्थापन झालेली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था या मेंढीपालनाच्याच संस्था असल्याने शाखांनी त्यांच्याशीही पत्रव्यवहार करून पाहावा.

यंत्र माझ्या गोठ्यात अद्याप आहे. शेजारच्या तीन घरांची मेंढरे एकत्र येतील तर ते उपयोगी पडेल या आशेने मी त्यास दर पावसाळ्यापूर्वी तेल देतो. परंतु रोजच्या उपयोगाची कातर दाराशेजारच्या खुंटीस टांगलेली असते. ज्या शेतकरी बंधूंनी हाताचे यंत्र मोठ्या कळपावर चालवून पाहिले असेल त्यांनी आपला अनुभव, विशेषतः फण्या किती मेंढ्यांपर्यंत टिकल्या व दिवसास माणशी किती मेंढ्या झाल्या हे आकडे, या मासिकाकडे अवश्य पाठवावे. म्हणजे पुढील हंगामापूर्वी सर्वांस त्याचा उपयोग होईल.